पॉलिश केलेली लाकडी जमीन पुन्हा पुन्हा निस्तेज का होते, आणि चमक टिकवायची कशी

मुंबईत ही तक्रार घरोघर सारखीच असते. गणपतीच्या आधी पॉलिशवाल्याला बोलावून जमीन चकाचक करून घेतली आणि दसऱ्यापर्यंत ती धुरकट झाली. दिवाळीला आणखी एक हात मारला, तो उन्हाळाभर टिकला आणि जून लागताच पायाला चिकटायला लागला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोष प्रत्येक वेळी पॉलिशवाल्याचा नसतो आणि महागडा डबा आणूनही हे दुखणं जात नाही. बिघडलेल्या थरावर नवा थर चढवला जातो, तोही हवेत सगळ्यात जास्त ओल असताना. तो खालच्या मळाला, मेणाला नाहीतर ओलीला धरून बसतो आणि त्यांच्याबरोबरच सुटतो.

म्हणून आधी काय बिघडलंय ते ओळखायचं, ते काढायचं, मग वर काय लावायचं ते ठरवायचं. पुष्कळदा दुसऱ्या पायरीवरच काम संपतं, कारण चमक गेलेली नसते, झाकली गेलेली असते.

जमीन कसली आहे?

गिरगाव, दादर, फोर्टकडच्या जुन्या इमारतींमध्ये अजून अखंड सागवानी फळ्यांची तक्तपोशी सापडते. हे लाकूड घासता येतं, पुन्हा पॉलिश करता येतं. नव्या टॉवरमध्ये ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून जे असतं ते बहुतेकदा लॅमिनेट, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक कठीण थर. त्याला पॉलिश चालत नाही, पॉलिश पेपर तर मुळीच नाही. एकदा वरचा थर घासला की चित्रच जातं. तिथे फक्त साफसफाई करायची किंवा खराब पाटी बदलायची. तिसरा प्रकार इंजिनिअर्ड वुड: खाली प्लाय, वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. हा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरपासून चार मिलिमीटरपर्यंत कितीही असू शकतो. दारातली पट्टी उचकटून कडेने जाडी बघा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मशीन लावू नका, हाताने हलकं घासून वर एक थर देणं एवढंच जमतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे रेषा. लॅमिनेटमध्ये तीच गाठ, तीच रेषा चार-पाच पाट्यांनंतर जशीच्या तशी पुन्हा दिसते.

वर कसला थर आहे?

यासाठी कपाटामागचा कोपरा निवडा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला पॉलिशचं स्पिरिट लावून फळीवर मिनिटभर टेकवा. काडी तपकिरी झाली, ओढताना चिकट तार आली आणि खालचा ठिपका मऊ लागला, तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. काही झालं नाही तर दुसऱ्या ठिकाणी एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायचं द्रावण, लावा. त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. पांढऱ्या फडक्यावर एमटीओ, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन, घेऊन पुसल्यावर फडकं पिवळट-तपकिरी आणि तेलकट झालं, तर वर मेण आहे. हे नक्की माहीत असलं पाहिजे, कारण मेणावर पीयू कधीच धरत नाही. महिन्याभरात कांद्याच्या सालीसारखं सुटतं.

मग खोलीच्या मध्यावर, जिथे वावर जास्त, तिथे पाण्याचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब गोल उभा राहिला तर थर शाबूत आहे. पसरून फळी काळपट झाली तर तिथे थर उरलेलाच नाही, आणि ती जागा कितीही पुसली तरी चमकणार नाही.

शेवटी संध्याकाळी दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. पोछ्याच्या अर्धगोल फराट्यांसारखा पांढुरका पट्टा दिसला तर वर साका बसलाय. बारीक ओरखड्यांचं जाळं फक्त दरवाजा ते सोफा एवढ्याच वाटेवर दिसलं तर थर झिजलाय. फळीच्या आत ढगासारखं पांढरं दिसलं आणि बोट फिरवून जागा गुळगुळीत लागली, तर थरात ओल अडकली आहे. या तिघांचे उपाय वेगळे आहेत.

वरचा साका: सगळ्यात जास्त आढळणारं कारण

पांढरं फिनेल म्हणजे साबणात मुरवलेलं पाइनचं तेल. लादीवर ते चालतं, कारण लादी नंतर भरपूर पाण्याने पुसली जाते. लाकडावर पाणी कमी वापरायचं असतं, मग तेल आणि साबण तिथेच राहतात आणि रोज एक पातळ पापुद्रा चढत जातो. त्यावर धूळ बसते, पावलं उमटतात. लाखेच्या पॉलिशवर तर फिनेल, धुण्याचा सोडा, अमोनियाचं काचेचं औषध यांतलं काहीच नको, कारण लाख क्षारात विरघळते.

दुसरं कारण समुद्र. वरळी, दादर चौपाटी, वांद्रे, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खिडकीवाटे मिठाचा सूक्ष्म थर सतत येतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात मुंबईची हवा बहुतेक वेळ याच्या वर असते, म्हणून नुकतीच पुसलेली जमीनही तासाभरात चिकट लागते. एसी लावला की तेच पाणी सुकून पांढरी झाक मागे राहते. लोकांना वाटतं पॉलिश फुटलं.

तिसरं कारण पाणी. पालिकेचं तलावाचं पाणी तसं मऊ असतं. पण सोसायटीत बोअरवेल किंवा टँकरचं पाणी येत असेल तर सुकल्यावर त्यातले क्षार दिसतात. अशा घरात पुसायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. एका खोलीला दोन-तीन लिटर पुरतं.

साका उतरवायची पद्धत अशी. आधी मऊ कुंच्याने किंवा मायक्रोफायबरने कोरडं झाडून घ्या. एका बादलीत पाच लिटर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक लहान चमचा, जास्त नाही. दुसऱ्या बादलीत साधं पाणी. फडकं इतकं पिळायचं की मुठीत दाबलं तरी थेंब पडू नये. तीन बाय तीन फूट जागा घ्यायची, साबणाच्या फडक्याने रेषेच्या दिशेने पुसायची, लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि मिनिटाच्या आत सुक्या सुती पंचाने कोरडी करायची. मग पुढचा चौकोन. पाणी राखाडी झालं की बदला. तेच पाणी पुढे फिरवलं तर साका एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो, इतकंच. जुना साका असेल तर दोन फेऱ्या लागतात.

स्वयंपाकघराजवळ फोडणीचा तेलकट थर असतो, तो या पाण्याने निघत नाही. तिथे फडक्यावर थोडं एमटीओ घ्या. वाळलेल्या लाख, लॅकर, पीयू यांपैकी कशालाच ते विरघळवत नाही, फक्त तेल आणि मेण काढतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवा आणि उदबत्तीही विझलेली हवी.

भांडी घासायची हिरवी घासणी मात्र जमिनीजवळ आणू नका. तिच्यात खरखरीत कण असतात. डाग जातो आणि त्या जागी कायमचा धुरकट गोल उरतो.

घरगुती उपायांबद्दल

खोबरेल तेल लावून लाकूड चमकतं, पण चार दिवसच. खोबरेल कधीच वाळत नाही. ते फळीत ओलं राहतं, धूळ धरतं, खवट होतं, आणि पुढे पॉलिश करायचं तर डोकेदुखी होते. लिंबू किंवा व्हिनेगरचं आम्ल रोज लावल्याने थर हळूहळू मंद होतो. टूथपेस्टने लहानसा पांढरा डाग जातो, पण ती घासते, म्हणून तिथली चमक बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते.

ढगासारखा पांढरेपणा

हा लाख आणि लॅकर या दोघांचा आजार. पॉलिश लावल्यावर स्पिरिट उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवा आधीच दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव पडतं आणि ते थरात कोंडलं जातं. गणपतीआधीच्या घाईत केलेलं पॉलिश धुरकट व्हायचं मुख्य कारण हेच. गरम पातेलं जमिनीवर ठेवल्याने उठलेलं पांढरं कडंही असंच, अडकलेल्या ओलीचं.

लाखेवर उपाय सोपा, पण हात हलका हवा. मऊ सुती कापडात कापूस बांधून गोळा करा, त्यावर स्पिरिटचे चार-पाच थेंब टाका आणि गालाला लावून बघा. थंड लागला पाहिजे, ओला नाही. पांढऱ्या जागेवरून एका दिशेने झरकन एकदाच फिरवा, विमान धावपट्टीला टेकून पुन्हा उडतं तसा. दोन मिनिटं थांबा. थर क्षणभर मऊ होतो, ओल निघून जाते. गोळा एका जागी थांबला की पॉलिश उचलून येतं. हे कोरड्या दिवशीच करायचं, नाहीतर पांढरेपणा दुप्पट होऊन परत येईल. लॅकरवर हेच काम सावकाश उडणारं रिटार्डर थिनर करतं, पण ते फवारावं लागतं. ते पॉलिशवाल्याकडेच द्यावं.

चिकट राहणारं पॉलिश

अंगठा दाबल्यावर ठसा उमटत असेल तर वर आणखी थर देऊन ते सुकणार नाही. लाखेचं द्रावण करून सहा महिन्यांवर ठेवलेलं असेल तर त्यातली लाख बदलते आणि कधीच कडक होत नाही. सागवानावर थेट तेलाचं व्हार्निश लावलं असेल तर सागाच्या अंगचं तेल त्याला सुकू देत नाही. दोन भागांच्या पीयूमध्ये थर कडक करणारा दुसरा भाग, म्हणजे हार्डनर, अंदाजाने ओतला असेल तरीही हेच होतं. तिन्ही बाबतीत तो थर उतरवून नव्याने सुरुवात करण्याला पर्याय नाही.

काळे डाग आणि वर आलेल्या कडा

जुन्या तक्तपोशीत खिळ्यांभोवती निळसर-काळं वर्तुळ दिसतं. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो रंग. घासून जात नाही, खोलवर असतो. थर काढलेल्या उघड्या लाकडावर, एक लिटर गरम पाण्यात 40 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ब्रशने लावा आणि वीस मिनिटं ठेवा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने. हे विषारी आहे. हातमोजे घाला, मुलं आणि मांजरं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि सुकल्यावर घासताना त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका.

फळीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खाली, अशी जमीन पन्हाळीसारखी झाली असेल तर फळी खालून ओली आहे. पावसाळ्यात ती सपाट घासून घेण्याची चूक फार होते. डिसेंबरात फळी सुकली की घासलेल्या कडा खाली जातात आणि मध्य उंच राहतो, आणि ते मग सुधारत नाही. तळमजल्यावर किंवा मोरीला लागून असेल तर दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवा. खालून बाष्प जमलं तर आधी प्लंबर, मग पॉलिश. फळीवर पिठासारखी भुकटी सापडली तर तो पोखरणारा किडा. तिथेही आधी औषध.

मुहूर्त

मुंबईत पावसाळा सरासरी 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरला माघारी जातो. लाकूड त्याच्याही नंतर ओल सोडत राहतं. म्हणून नव्या थराचं काम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत करावं. गणपतीला घर छान दिसावं ही इच्छा अगदी रास्त आहे. तेव्हा वरची साका-सफाई करा, बाटलीतलं पॉलिश नको. हिवाळ्यातही पहाट दमट असते. हवा सगळ्यात कोरडी दुपारी, म्हणून अकरा ते चार हा वेळ धरा. हवेतली आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो. तो 65 टक्क्यांच्या खाली असताना डबा उघडायचा. मॉइश्चर मीटर उसना मिळाला तर फळीत 12 टक्क्यांच्या आसपास ओल हवी.

पुन्हा थर देताना

दहा बाय बारा फुटांची खोली धरू. खिळ्यांची डोकी ठोकणीने दोन-तीन मिलिमीटर आत घ्या, नाहीतर पेपर फाटतो. चाळीतल्या तक्तपोशीत फळ्यांमधल्या फटीतून धूळ थेट खालच्या बिऱ्हाडात पडते, म्हणून फटींवर आधी मास्किंग टेप मारा आणि खालच्यांना सांगून ठेवा. थर जाड असेल तर 60 नंबरने सुरू करा, मग 80, 120, शेवटी 180. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. भाड्याने मिळणारा ड्रम सँडर नवख्याच्या हातात जमिनीत खड्डा पाडतो. पाच इंची ऑर्बिटल सँडर संथ आहे, पण सुरक्षित. नागदेवी स्ट्रीटला पेपर नंबरानुसार सुटे मिळतात. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलने पुसट नागमोडी रेघ ओढा. ती सगळीकडून सारखी गेली की त्या नंबरचं काम झालं. घासताना नेहमी रेषेच्या दिशेने जा.

धूळ व्हॅक्यूमने काढा, मग थिनरच्या फडक्याने सागाचं वर आलेलं तेल पुसा आणि त्याच दुपारी पहिला थर द्या. उशीर केला की तेल पुन्हा वर येतं.

जुन्या सागवानाला माझी पसंती लाख आणि मेण. पीयूइतकं टिकत नाही, पण झिजलेली वाट तेवढीच दुरुस्त होते, सगळी खोली घासावी लागत नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये 120 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळा, बाटलीवर तारीख लिहा. रुंद ब्रशने तीन ते चार पातळ थर, प्रत्येकात दोन तास, मधे 320 ने हलका हात. एका थराला साधारण एक लिटर जातं. दोन दिवसांनी मेण. मधमाशांचं मेण 80 ग्रॅम आणि कार्नोबा, म्हणजे एका ताडाच्या पानांचं कडक मेण, 20 ग्रॅम, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. गॅस बंद करून, भांडं दूर नेऊन त्यात 300 मिली टर्पेंटाइन घाला. नुसतं मधमाशांचं मेण 62 ते 65 अंशांना वितळतं आणि मुंबईच्या उन्हाळ्यात मऊ पडून धूळ धरतं. कार्नोबा त्याला कडकपणा देतो. पाव किलो खोलीला पुरतं. बोटभर घेऊन पसरवा, अर्ध्या तासाने जुन्या सुती धोतराच्या कापडाने जोर लावून घासा. चमक घासण्यातून येते, जाड लावण्यातून येत नाही.

पीयू लावायचं तर आधी मेणाचा अंशही राहता कामा नये. दोन भागांचं पीयू डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, मोजपात्राने मोजून मिसळा. दहा मिनिटं ठेवा, पहिला थर थोडा पातळ करा. एकूण तीन थर, सगळे मिळून साडेतीन-चार लिटर. हार्डनर हवेतल्या ओलीशीही रसायनक्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे थरात अडकतात. दमट दिवशीच्या पीयूवर जे बारीक फोड येतात ते हेच. माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे आले तर खाली सिलिकॉनचा फर्निचर स्प्रे किंवा तेल आहे. लावताना पंखा बंद, खिडक्या उघड्या. कापडी मास्क पुरत नाही, बाष्प अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवा. फर्निचर तीन दिवसांनी उचलून ठेवा, ओढू नका. सतरंजी दोन आठवड्यांनी.

जवसाचं तेल किंवा तेलाचं व्हार्निश पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा गॅलरीत एकेक पसरून वाळवा.

नंतरची निगा

रोज कोरडं झाडणं, आठवड्यातून एकदा पिळलेलं फडकं. कामाला येणाऱ्या ताईंना लाकडी खोलीचं फडकं आणि बादली वेगळी देऊन ठेवा, फिनेलचा प्रश्नच मिटतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा आणि पावसाळ्यात तो बदला, त्यात वाळू अडकते. चपला दाराबाहेर. पाण्याचा थेंब दाराच्या वाटेवर पसरायला लागला की त्याच हिवाळ्यात तेवढ्या पट्ट्यावर थर द्या. लाकूड उघडं पडल्यावर मग पूर्ण घासकाम करावं लागतं. पीयूचा उघडलेला हार्डनर पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका, झाकण घट्ट असलं तरी आत गेलेली ओल त्याला घट्ट करते. लाखेची बाटलीही सहा महिने झाले की तिची रवानगी बाहेर. सुका चपडा मात्र हवाबंद डब्यात, थंड जागी चांगला राहतो, लागेल तेवढाच भिजवावा.